सल्ला हवा: ‘डॉ. कॅट्झ, प्रोफेशनल थेरपिस्ट’ आज बघायला घ्यावी का? कुठून सुरू करावी?

तिसरी_घंटा

‘डॉ. कॅट्झ, प्रोफेशनल थेरपिस्ट’ ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका बघायला घ्यायचा विचार आहे. मे 1995 मध्ये कॉमेडी सेंट्रलवर सुरू झालेली, सहा सीझन, 81 भाग. खरेखुरे स्टँड-अप कॉमेडियन स्वतःच्याच नावाने पेशंट होऊन कोचावर बसतात आणि डॉक्टरांपुढे गाऱ्हाणी मांडतात, ही कल्पना आवडली. पण तीन ठिकाणी अडतंय. नव्वदीतले विनोद आज शिळे वाटतात का? ती सतत थरथरणारी चित्रं डोळ्यांना सोसतात का? आणि सगळे भाग ओळीने बघायचे की निवडून? मराठी एकपात्री आणि हल्लीचं मराठी स्टँड-अप ऐकायची सवय आहे, अमेरिकन क्लबांतल्या कॉमेडीची फारशी ओळख नाही, हे धरून सांगा.

पेन्सिल_तासणारा

जरूर घ्या. फक्त एक गोष्ट आधी लक्षात ठेवा. या मालिकेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत आणि दोघींचं वय वेगवेगळ्या वेगाने वाढलंय. दवाखान्यातला कोच जुना झालाय, घरातलं जेवणाचं टेबल अजिबात झालेलं नाही.

आधी कोच. पहिल्या काही भागांत कॉमेडियन आपला स्टेजवरचा तयार मजकूरच कोचावर बसून म्हणतात. मालिका जन्मालाच आली ती या गरजेतून: स्टँड-अपचा मजकूर पुन्हा नव्या रूपात वापरायचा, आणि केबल वाहिनीला परवडेल इतक्या खर्चात. त्यामुळे तिथे जे ऐकू येतं ते 1995 च्या आसपासचं अमेरिकन क्लबातलं साहित्य आहे, त्या काळाच्या सगळ्या खुणांसकट. आन्सरिंग मशीन, विमानातलं जेवण, ‘माझी बायको अशी, तुमची कशी’ या थाटाचे विनोद, कुणाच्या वजनावर, कुणाच्या उच्चारांवर मारलेले टोमणे. क्लबात हे चालायचं, कारण समोर बसलेल्या दोनशे माणसांना तोच काळ पाठ होता. इथे तर प्रेक्षकांचं हसूही नाही. कॉमेडियन स्टुडिओत माइकपुढे बोललाय, समोर फक्त एक डॉक्टर आहे जो ‘हं’ म्हणतो. हशाचा आधार काढला की कुठला विनोद स्वतःच्या पायावर उभा आहे ते लगेच कळतं. म्हणून एकाच भागात एक पेशंट कोमेजलेला आणि दुसरा अगदी ताजा वाटतो.

टिकलेत ते भाषेवर आणि विचाराच्या वळणावर उभे असलेले. स्टीव्हन राइट आणि मिच हेडबर्ग यांची एका ओळीची वाक्यं कुठल्याच सालाची नाहीत. हेडबर्ग 2005 मध्ये गेला, त्याचं रेकॉर्ड झालेलं काम मोजकंच आहे, त्यामुळे त्याचा भाग चुकवू नका. डॉम इरेरा वरचेवर येणारा पेशंट. त्याच्या विषयांपेक्षा सांगण्याचा ठेका बघा. रे रोमानो कोचावर पहिल्यांदा बसला तेव्हा त्याची स्वतःची मालिका सुरू व्हायची होती (ती 1996 ची). घर, भाऊ, आईवडील ही सगळी सामग्री इथे कच्च्या रूपात ऐकायला मिळते. डेव्ह शॅपेल आणि सारा सिल्व्हरमनही येऊन जातात, नाव व्हायच्या आधीचे.

आता जेवणाचं टेबल. डॉ. कॅट्झ घटस्फोटित आहेत, विशीतला मुलगा बेन काही कामधंदा न करता त्यांच्याकडेच राहतो. कॅट्झचा आवाज जोनाथन कॅट्झ यांचा, बेनचा एच. जॉन बेंजामिनचा. यांच्या प्रसंगांना लिहिलेले संवाद नव्हते. प्रसंगाचा ढोबळ आराखडा ठरायचा, दोघं माइकपुढे बसून बोलत राहायचे, आणि मग त्यातून कापून-जोडून प्रसंग तयार व्हायचा. याला तिथे ‘रेट्रोस्क्रिप्टिंग’ म्हणत. परिणाम असा की माणसं खरोखर एकमेकांचं ऐकत असल्यासारखी बोलतात. बेन एखादी धंद्याची कल्पना मांडायला लागतो, मधेच त्यालाच ती पटेनाशी होते, आवाज खाली येतो. वडील तिथे विनोद करत नाहीत, क्षणभर थांबतात आणि एक अगदी साधा प्रश्न विचारतात. त्या प्रश्नावर बेन फसकन हसतो, आणि ते हसू अभिनयातलं नसतं. कापताना तो श्वास, ते अडखळणं मुद्दाम ठेवलंय. हे काम प्रामुख्याने लोरेन बुशार्डचं. मालिकेचे एक जनक टॉम स्नायडर आधी शिक्षक होते आणि बुशार्ड त्यांचा शाळेतला विद्यार्थी, पुढे त्यानेच ‘बॉब्ज बर्गर्स’ ही ॲनिमेशन मालिका उभी केली. बाप-लेकातल्या अशा बोलण्याला एक्स्पायरी डेट नसते. ही मालिका आज बघायची ती त्यासाठी.

कोपऱ्यातली_खुर्ची

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, पण घरातलं आणि ऑफिसातलं सगळंच ताजं राहिलंय असं नाही. बेनचं रिसेप्शनिस्ट लॉराच्या मागे लागणं आज खुपतं. ती पहिल्यापासून स्वच्छ ‘नाही’ म्हणतेय, कोरड्या आवाजात, आणि तो वर्षानुवर्षं फोन करतोय, ऑफिसात येऊन बसतोय. त्या काळी हा ‘गोड नाद’ म्हणून लिहिला गेला. वाचतं ते लॉरा सिल्व्हरमनच्या आवाजामुळे. तिने लॉराला कधीच बिचारी होऊ दिलं नाही, प्रत्येक वेळी वरचष्मा तिचाच. तरी सलग चार-पाच भाग बघितले तर हा धागा जड होतो.

दुसरा मुद्दा कॉमेडियन लुई सी. के. चा. तो पेशंट म्हणून एकापेक्षा जास्त वेळा आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याच्या गैरवर्तनाविषयी पाच महिलांचं म्हणणं न्यू यॉर्क टाइम्समध्ये आलं आणि ते खरं असल्याचं त्याने स्वतः मान्य केलं. ते माहीत असताना एखादा माणूस कोचावर बसून आपल्या मनातलं बोलतोय हे ऐकणं वेगळंच होतं. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे: एका भागात साधारण दोन पेशंट असतात आणि त्यांची सत्रं घरच्या कथानकात गुंफलेली नसतात. त्याचं सत्र वगळून उरलेला भाग बघितला तर कथेत काही तुटत नाही. भागाचं वर्णन आधी वाचा, पाहुण्यांची नावं तिथे असतात.

तिसरी_घंटा

दोघांचेही आभार. मग सुरुवात पहिल्या सीझनपासून करू की नको? वर लिहिलंय की पहिल्या भागांत तयार मजकूरच म्हणतात.

पेन्सिल_तासणारा

पहिल्या सीझनमध्ये सहाच भाग आहेत. त्यातले दोन बघा, म्हणजे साचा कळेल: प्रतीक्षा-खोली, लॉराचं दुर्लक्ष, कोच, घर, संध्याकाळी बारमध्ये मित्र स्टॅन्ली आणि बारटेंडर ज्युलीसोबत दोन घोट, आणि सत्र संपताना वाजणारं ते संगीत. संगीत सुरू झालं की कॅट्झ पेशंटला सांगतात की याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे, वेळ झाली. कॉमेडियन कितीही रंगात आला असो, तिथे पाणी पडतं. ही एक युक्ती सगळ्या 81 भागांत चालते.

मग सरळ दुसऱ्या सीझनच्या मध्यावर जा आणि तिसरा-चौथा सलग बघा. तोवर कॅट्झ पेशंटला मधे थांबवायला लागतात, उलटे प्रश्न विचारतात, विनोदातला धागा पकडून त्याच्या खऱ्या अडचणीकडे नेतात. कॉमेडियनचा पाठ केलेला मजकूर मोडतो आणि दोन माणसांचं बोलणं उरतं. मालिकेचा कळस तो. जोनाथन कॅट्झ यांना आवाजासाठी एमी 1995 मध्येच मिळालं, पीबडी पुरस्कार मात्र नंतर, 1998 साठी. घडी बसायला लागलेला वेळ त्यातूनही दिसतो. नंतरच्या सीझनांमध्ये स्टँड-अप न करणारे नट-नट्याही पेशंट म्हणून दिसतात. काही सत्रं छान आहेत, पण ज्याच्याकडे स्वतःचं साहित्य नाही त्याला कोचावर काय बोलायचं सुचत नाही, हे ऐकू येतं. ते सवडीने.

एकपात्री ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे व्यक्तिचित्र पंधरा-वीस मिनिटं फुलतं, हसू साचत जातं. इथे सत्र दोन-तीन मिनिटांचं आणि दर पंधरा सेकंदांनी वळण. पहिले दोन-तीन भाग कान सरावेपर्यंत तुटक वाटतील. आणि प्लेअरचा वेग 0.9 वर नेऊ नका, इंग्रजी पकडायला तो मोह होतो. या मालिकेतला विनोद बऱ्याचदा शब्दात नसून शब्दाआधीच्या अर्ध्या सेकंदात आहे, वेग बदलला की तो अर्धा सेकंद बिघडतो. त्यापेक्षा सबटायटल असतील तर लावून एकदा, मग बंद करून पुन्हा. आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलांवर विसंबू नका. दोघं एकमेकांवर बोलतात तिथे एकाचं बोलणं गाळलं जातं, आणि नेमका विनोद त्या गाळलेल्यात असतो.

बारीक_रेघ

थरथरणाऱ्या चित्रांबद्दल.

याचं नाव ‘स्क्विगलव्हिजन’. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनला टॉम स्नायडर यांची शैक्षणिक सॉफ्टवेअर करणारी कंपनी होती, तिथला हा शोध. एका ठरावीक पोझची पाच जवळजवळ सारखी चित्रं काढायची आणि ती ओळीने फिरवत ठेवायची. बाह्यरेषा कधीच त्याच जागी पडत नाही, त्यामुळे पात्राने हातपाय हलवले नाहीत तरी ते जिवंत वाटतं. रंगीत आणि थरथरणारी फक्त माणसं आणि सजीव गोष्टी, खुर्च्या-भिंती-टेबलं बहुतेक करड्या आणि स्थिर.

खर्चाचं गणित साधं आहे. 22 मिनिटांचा भाग म्हणजे 1,320 सेकंद. सेकंदाला 12 चित्रं धरली तर 15,840 चित्रं लागतील. तेच 40 पोझ गुणिले पाच केलं तर 200 चित्रं, वर तोंडाच्या हालचाली वेगळ्या. आकडे ढोबळ आहेत, पण तफावत या जातीची. म्हणूनच आवाजावर मनसोक्त वेळ घालवता आला.

डोळ्यांना त्रास होतो तो बहुतेक वेळा चित्रापेक्षा ते कसं दाखवलं जातंय त्याने. मालिका 4:3 चौकटीसाठी, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी पडद्यासाठी काढलेली आहे. टीव्हीचं सेटिंग ‘वाइड’ किंवा ‘झूम’ असेल तर चित्र ताणलं जातं आणि रेषांची थरथरही आडवी ताणली जाते. ‘4:3’ किंवा ‘ओरिजिनल’ करा, बाजूला काळ्या पट्ट्या येऊ द्या. 55 इंची टीव्हीजवळ बसून बघू नका; 13-14 इंची लॅपटॉप हाताच्या अंतरावर, खोलीत दिवा चालू, असं बघितलं की दहा मिनिटांत मेंदू थरथर विसरतो.

दुसरं, कॉम्प्रेशन. व्हिडिओ लहान करताना कोडेक (व्हिडिओ दाबून साठवणारी प्रणाली) आधीच्या फ्रेममधला न बदललेला भाग तसाच उचलतो. इथे बाह्यरेषा सतत बदलते, म्हणजे जिथे धारदारपणा हवा तिथेच डेटा जास्त लागतो. कमी बिटरेटच्या (दर सेकंदाला कमी डेटा असलेल्या) प्रतीत पात्राभोवती चौकोनी भुरकट डाग नाचतात. तो दोष मूळ चित्रातला नाही.

डीव्हीडी घेणार असाल तर: संपूर्ण संच 2007 चा, अमेरिकेतला, म्हणजे रीजन 1 (डीव्हीडी कुठल्या देशांत चालेल ते ठरवणारा विभाग), आणि एनटीएससी ही अमेरिकन टीव्ही-पद्धत. भारत रीजन 5 मध्ये येतो. घरच्या साध्या प्लेअरवर चकती लागणार नाही, सर्व रीजन चालवणारा प्लेअर लागेल. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो पण एकूण पाचदाच, पाचव्या वेळी जो ठेवाल तो कायमचा. एका मालिकेसाठी मुख्य ड्राइव्ह खर्ची घालू नका. आणि संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावल्यावर रेषांना कंगव्याचे दात दिसले तर ‘व्हिडिओ’ मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू करून मोड ‘याडिफ’ ठेवा. स्क्विगलव्हिजनमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण ते दात आणि मूळ थरथर एकात एक मिसळतात आणि मग खरंच डोकं चढतं.

कोपऱ्यातली_खुर्ची

यात भर: 2004 मध्ये कॉमेडी सेंट्रलनेच ‘शॉर्टीज वॉचिन शॉर्टीज’ नावाची मालिका काढली, त्यात रेकॉर्ड केलेल्या स्टँड-अपवर ॲनिमेशन होतं. ती डॉ. कॅट्झपेक्षा नऊ वर्षांनी लहान असूनही जास्त म्हातारी वाटते. कॉमेडियन जे बोलतो तेच चित्रात काढून दाखवलं जातं. कल्पना करायला जागाच नाही. डॉ. कॅट्झमध्येही मधूनमधून पेशंटच्या गोष्टीचं चित्र येतं, पण लगेच कॅमेरा कोचावर परततो. चेहरा आणि त्याचं ऐकणारा डॉक्टर, हीच खरी चौकट. दोन्हींचा एकेक भाग लागोपाठ बघा, फरक पाच मिनिटांत कळेल.

माळ्यावरचा_रेडिओ

थोडं अवांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. मराठी स्टँड-अपच्या आवाजावर अशीच थरथरत्या रेषांची दीड मिनिटाची क्लिप करायची आहे. मित्राच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हाताशी आहे. कुठून धरायचं? काय बिघडतं?

पेन्सिल_तासणारा

अवांतर कसलं, मालिकेचा गाभाच हा आहे.

पहिली चूक रेकॉर्डिंगमध्येच होते. कार्यक्रमाचा आवाज वापरू नका. स्टेजवर कॉमेडियन हशासाठी थांबतो. हशा कापला की भोकं पडतात, ठेवला तर खोलीत बसून कुणाला सांगतोय हा आभास मोडतो. त्याला खुर्चीत बसवा, समोर दुसरा माणूस बसवा ज्याला मजकूर ठाऊक नाही, आणि दोघांना वेगवेगळे माइक द्या. खोलीत गाद्या, पडदे असू देत, पंखा बंद. ऐकणाऱ्याला सांगा की न कळलं तर विचारायचं. वीस मिनिटं बोलू द्या, नव्वद सेकंद ठेवा. कापताना श्वास अर्धा कापला जाणार नाही याकडे लक्ष द्या, तो सगळ्यात आधी खटकतो.

आवाज पक्का झाल्यावरच चित्र. दीड मिनिटाला आठ ते दहा पोझ पुरतात, म्हणजे पाचच्या हिशोबाने 40 ते 50 चित्रं. सेकंदाला 12 फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवा. पाच चित्रांचं चक्र दहा फ्रेममध्ये, म्हणजे पाऊण सेकंदापेक्षा थोड्या जास्त वेळात पुरं होतं. क्रम 1-2-3-4-5 आणि पुन्हा 1. 1-2-3-2-1 असा उलटसुलट केला तर चित्र धडधडल्यासारखं दिसतं. 1080 पिक्सेल उंचीच्या चौकटीत रेघ सहा पिक्सेल जाड असेल तर सरकणं दोन ते चार पिक्सेल, त्यापुढे पात्राला थंडी वाजतेय असं वाटतं. बुबुळं हलवू नका, नजर स्थिर हवी.

रंग बाह्यरेषेच्या खाली वेगळ्या लेयरवर, एकदाच भरलेला आणि स्थिर. पण तो रेघेच्या आतल्या कडेपर्यंत भरला तर रेघ सरकली की पांढरी फट दिसते. रेघेच्या मध्यापर्यंत न्या. हे जवळपास प्रत्येकाच्या पहिल्या क्लिपमध्ये चुकतं.

मराठीला तोंडाच्या सहा आकृत्या पुरतात: मिटलेले ओठ (प, फ, ब, भ, म), किंचित उघडं (अ), मोठं (आ), पसरट (इ, ए), गोल (उ, ओ) आणि खालच्या ओठाला दात (व). महाप्राणांना, ळ-ला वेगळी आकृती काढत बसू नका, बाहेरून फरक दिसत नाही. मिटलेले ओठ मात्र अचूक जागी पडलेच पाहिजेत, बाकी एक-दोन फ्रेम मागेपुढे झालं तरी चालतं. ‘म्हणजे’, ‘बघ’, ‘पण’ हे शब्द आपण इतक्या वेळा बोलतो की तिथे ओठ चुकले की सगळंच डब केल्यासारखं वाटतं.

बारीक_रेघ

हाताने पाच-पाच चित्रं नको असतील तर ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये ग्रीस पेन्सिलला (त्यातल्या रेखाटनाच्या साधनाला) ‘नॉइज’ मॉडिफायर लावता येतो. त्यात पोझिशन अगदी कमी ठेवा, ‘रँडमाइझ’ चालू करून स्टेप 2 करा, म्हणजे 12 फ्रेमच्या हिशोबात वर सांगितलेलीच गती मिळते. तरी हाताने काढलेल्या पाचांची सर त्याला नाही. यंत्र सगळ्या रेघा सारख्याच हलवतं, हात मात्र नाक जपून काढतो आणि केस सैल सोडतो.

एक्स्पोर्ट एच.264 कोडेकमध्ये, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी म्हणजे चांगला) 16 ते 18, ट्यून ‘ॲनिमेशन’. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबली जाते आणि आधी लिहिलेले भुरकट डाग हजर.

कोपऱ्यातली_खुर्ची

आणि परवानगी लेखी घ्या, मित्र असला तरी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 38 खाली कलाकाराला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे, आणि रेकॉर्डिंगचा हक्क बऱ्याचदा कार्यक्रम करणाऱ्या संस्थेकडे किंवा चॅनलकडे असतो. नव्याने रेकॉर्ड केलंत तर हा दुसरा गुंता सुटतो. कागदावर मजकूर कोणता, क्लिप कुठे-कुठे टाकणार, आणि त्याला पुढे नको वाटली तर किती दिवसांत काढणार, एवढं तरी असू द्या.

तिसरी_घंटा

धागा भलताच उपयोगी झाला, आभार. ठरलं: पहिल्या सीझनचे दोन, मग दुसऱ्याचा मध्य. डॉ. कॅट्झ संपल्यावर त्याच वळणाचं काही?

पेन्सिल_तासणारा

‘होम मूव्हीज’. बुशार्डचीच, 1999 ची, चार सीझन, 52 भाग. पहिला सीझन स्क्विगलव्हिजनमध्ये आहे, दुसऱ्यापासून फ्लॅश या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघता येतील. बेंजामिन तिथे फुटबॉल प्रशिक्षक मॅकगर्कचा आवाज आहे. त्यानंतर 2011 पासूनची ‘बॉब्ज बर्गर्स’, जिथे बेनचा तोच आवाज आता तीन मुलांच्या बापाचा आहे. या क्रमाने बघितलंत तर जेवणाच्या टेबलावरची ती बोलायची रीत कुठून कुठे गेली ते कानाला समजेल. आणि नुसतं ऐकायचं असेल तर ऑडिबल या ऑडिओबुकच्या सेवेवर डॉ. कॅट्झचे नंतर केलेले ध्वनिभाग आहेत. तिथे थरथर नाही, डोळे मिटून चालतं.